घटातली माती

दौलताबाद
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय नवाब,

दिवाळी सरली, पाहुणे गेले, आता निवांत लिहायला बसलोय. फोन का करत नाही म्हणशील. कान गेल्यापासून फोनवर मी ओरडतो, आणि ओसरीत ओरडलेलं आत चुलीपाशी ऐकू जातं. हे चुलीपाशी जायला नको आहे. शाळेत माझं अक्षर बघून हसायचास, तसा म्हातारपणी परत हस.

काम असं आहे. माझ्या एका ओळखीच्यानं जुनी पेरूची बाग काढली. मुळांवर गाठी धरल्या होत्या, झाडं एकेक करून वाळत होती. नवी कलमं लावायच्या आधी त्यानं भाद्रपदात जमिनीत औषध सोडलं. ठिबकमधून सोडायचं, वरून प्लास्टिक अंथरायचं, आत त्याचा वायू होतो आणि मातीतली कीड मरते, असं दुकानदारानं सांगितलेलं. चौदा दिवसांनी त्यानं प्लास्टिक काढलं. दुसऱ्या दिवशी त्या मातीत गहू टाकला तर एक दाणा वर आला नाही. फुगला आणि कुजला. तू उभा जन्म माती तपासण्यात घालवलास म्हणून विचारतो, हे औषधानंच होतं का? की नुसत्या पावसानंही होऊ शकतं? यंदाचा पाऊस तर तू बघितलाच आहेस.

घरी सगळे ठीक. वच्छलाचे गुडघे दुखतात. पोरगा ऋतुराज रोज वाळूजला कंपनीत जाऊन येऊन करतो. माझी थोरली बहीण दगडाक्का नवरात्राला आली ती इथंच आहे. सूनबाई माहेरी लासूर स्टेशनला गेली आहे, दिवाळीसाठी.

वहिदाभाभींना सलाम सांग. उत्तर माझ्या नावानं पाठव आणि पाकीट नीट चिकटव.

तुझा
नाना

*

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाना,

अक्षर होतं तसंच आहे. वहिदानं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, कोर्टाची नोटीस आली की काय. आमच्याकडं खैरियत आहे. रिझवान कामावर आणि अरफा, त्याची लेक, दिवसभर माझं डोकं खायला घरी.

आता तुझ्या ओळखीच्याचं. ते औषध जहाल असतं, नाना. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी कोणता आणि गांडूळ कोणतं, हे त्याला कळत नाही. मुळांना पाणी आणि अन्न पोचवणारी एक बुरशी असते, ती मरते. शेणखत कुजवून त्याचं खत करणारे जीव मरतात. पहिलं वर्ष झाडं जोमानं येतात, शेतकरी खूश होतो. मग रिकाम्या जमिनीत आधी परततात ते गाठीवालेच, कारण त्यांना खाणारं कोणी शिल्लक राहिलेलं नसतं. दोनतीन वर्षांनी तीच माणसं मुळं पिशवीत घालून माझ्या टेबलासमोर यायची आणि म्हणायची, साहेब, सगळं केलं होतं की.

दाण्याचं म्हणशील तर दोष औषधाचाच. हलक्या, कोरड्या जमिनीतून वायू पंधरवड्यात निघून जातो. आपली काळी माती, त्यात भाद्रपदातला चिखल. त्यात तो महिनाभर दडून बसतो. प्लास्टिक काढल्यावर जमीन दोनदा उलथीपालथी करून उघडी ठेवायची आणि हळीव टाकून बघायचं. हळीव उगवले तरच पुढचं काम. डब्यावर लिहिलेलं असतं, पण डबा वाचतो कोण?

आता माझे दोन सवाल. पेरूच्या रानात भाद्रपद संपताना मूठभर गहू कोण टाकतं? आणि शेतीची पदवी घेतलेली सून घरात असताना तू हे मला कशाला विचारतोस? माती असेल तर पाठव. खोटं मात्र पाठवू नकोस, ते तपासायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

तुझा
नवाब

*

दौलताबाद
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नवाब,

बाग माझी आहे. तू ओळखलंसच.

सूनबाईचा, सायलीचा, बेत असा होता की एप्रिल-मे महिन्यात ओल्या जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं आणि उन्हानंच माती भाजून काढायची. औषध नाही, काही नाही. मी प्लास्टिक आणलं. पण मे महिन्यात अवकाळी सुरू झाला आणि ऊन असं पडलंच नाही. मग ती म्हणाली, नाना, वर्षभर रान मोकळं ठेवू, झेंडू आणि मोहरी करू, मोहरी फुलावर आली की जमिनीत गाडू, पुढच्या जूनला कलमं लावू. ऋतुराज हो म्हणाला, मीही मान हलवली. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाला एक वर्ष केवढं वाटतं ते तिला काय ठाऊक. तिनंच तयार केलेली चारशे कलमं शेडनेटमध्ये उभी आहेत. रोज ती बघायची आणि थांबायचं, हे मला जमेना.

पितृपक्षात ती आजोबांच्या पित्राला लासूरला गेली, ऋतुराज कामावर, तेव्हा मी औषध सोडलं. आल्यावर प्लास्टिक बघून तिनं विचारलं, तर गवत मरावं म्हणून टाकलंय म्हणालो. सर्वपित्री अमावास्येला प्लास्टिक काढलं. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आमच्याकडं घटाची माती घरचा कर्ता पुरुष शेतातून आणतो. नव्या बागेवर देवीचा हात राहावा म्हणून मी त्याच रानातली आणली. माती आणायला मी गेलो, गहू पेरले वच्छलानं आणि रोज पाणी घातलं सायलीनं.

तिसऱ्या माळेला कोंब दिसायला पाहिजेत. पाचवी झाली, सातवी झाली. घटाभोवती नुसता चिखल आणि कुजका वास. संध्याकाळी आरतीला आळीतल्या बायका जमायच्या, त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तुला सांगितलं नव्हतं, आषाढात सायलीचा तिसरा महिना होता आणि पोट पडलं. सातव्या माळेला दगडाक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या हाताला रुजणंच न्हाई. पोटात रुजलं न्हाई, घटात काय रुजंल?"

मी भिंतीला टेकून बसलो होतो. हातात जपमाळ होती. मण्यांवरून बोटं फिरत राहिली आणि मी बोललो नाही. वच्छला बोलली नाही. कोणीच बोललं नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. दसऱ्याला आम्ही टोपीत घटाचे कोंब खोचून सीमोल्लंघनाला जातो. यंदा माझी टोपी रिकामी होती आणि लोक कारण न विचारता समजून घेत होते. सायली त्याच दिवशी सोनं न वाटता माहेरी गेली. दिवाळीसाठी नाही गेली, नवाब. ऋतुराज दोनदा आणायला गेला. ती त्याच्याशी नीट बोलते, पण येत नाही.

राजकुमार दूधवाला शहरात येतो, त्याच्याकडून दोन पिशव्या पाठवतोय. एकीत घटासाठी आणून उरलेली माती आहे, तेव्हापासून बांधून ठेवली होती. का ठेवली ते मला माहीत नाही. दुसरीत रानातली, कालची.

एक विनंती आहे. तुझ्या शब्दाला वजन आहे. एका कागदावर लिहून दे की मातीची तपासणी केली आणि जास्तीच्या पावसानं दाणे कुजले. दगडाक्काला मी तो वाचून दाखवीन. पोरीवरचा बोल जाईल आणि घराची घडी परत बसेल. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

नाना

*

उस्मानपुरा
१९ नोव्हेंबर २०२५

नाना,

अरफानं खिडकीत तीन बरण्या ठेवल्या. एकीत आमच्या गुलाबाच्या कुंडीतली माती, बाकी दोन्हींत तुझी. प्रत्येकीत मोजून वीस हळीव. कुंडीतल्या मातीत चौथ्या दिवशी अठरा उगवले. रानातल्या मातीत सोळा, म्हणजे वायू निघून गेला आहे. बांधून ठेवलेल्या मातीत एकही नाही.

पण रानातली माती बरी आहे असं समजू नकोस. मी भिंग लावून बसलो. जिवंत काळ्या मातीत काही ना काही वळवळतं. यात एक जीव हलला नाही. पावसाळ्यानंतरच्या मातीला वास असतो, हिला नाही. चारशे कलमं यात लावू नकोस.

पावसाचा कागद मी लिहून देणार नाही. रागावलोय असं वाटेल तर रागावलोच आहे. मी नोकरीत असताना लोक माती आणायचे आणि हवा तसा निकाल मागायचे. एकदा दिलाही होता मी, एका ओळखीच्याला, आणि त्या कागदाच्या भरवशावर त्यानं जी बाग लावली तिची गत मी डोळ्यांनी बघितली. त्या रस्त्यानं मी आजही जात नाही. हे वहिदालाही माहीत नव्हतं, परवा तुझं पत्र वाचल्यावर सांगितलं. आणि पावसाच्या कागदानं कोणाचं भलं होणार? सुनेवरचा बोल जाईल म्हणतोस, पण तू जसाच्या तसा राहशील.

वहिदानं तुझं पत्र दोनदा वाचलं. ती म्हणाली, "ये बोलता किसीने पूछा नहीं. वो लडकी खेती पढी हुई है. उसने भी नहीं पूछा?"  तिचा सवाल तुझ्याकडं पाठवतो.

नवाब

*

दौलताबाद
२८ नोव्हेंबर २०२५

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, चूकभूल समजून घे. तुझ्या बाबांना, रामकिसनरावांना, नमस्कार सांग.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. नवरात्रात घट उगवला नाही त्यात तुझा काही दोष नव्हता. पितृपक्षात तू लासूरला गेलीस तेव्हा मी पेरूच्या रानात औषध सोडलं होतं. गवतासाठी प्लास्टिक टाकलं म्हणालो ते खरं नव्हतं. घटाची माती मी त्याच रानातली आणली. माझे मित्र नवाबभाई यांनी ती तपासली, तीत दाणा उगवणं शक्यच नव्हतं. त्या दिवसांच्या गडबडीत हे सांगायचं राहून गेलं. दगडाक्का बोलली ते तोंडाची सवय म्हणून बोलली, मनात धरू नकोस.

आता तुला कळलं आहे, तर झालं गेलं विसरून घरी ये. तुझ्या कलमांना मी रोज पाणी देतो. तुझी सासू आठवण काढते.

तुझा
नाना

*

लासूर स्टेशन
६ डिसेंबर २०२५

ती. नाना यांना सायलीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाबांनाही वाचायला दिलं.

नाना, गडबड नव्हती. पाचव्या माळेला सकाळी तुम्ही अंगणात दात घासत होता. आई देवघरात होत्या, आत्या उठल्या नव्हत्या. मी तुमच्याजवळ येऊन विचारलं, नाना, घटाची माती कुठली आणली? तुम्ही म्हणालात, विहिरीकडची. मी परत विचारलं, प्लास्टिकखालची तर नाही ना? तुम्ही म्हणालात, "विहिरीकडची म्हणलं ना." मग तुम्ही चूळ भरली.

मी विश्वास ठेवला. विहिरीकडची माती मला माहीत आहे, माझी सगळी रोपं त्याच मातीवर वाढली. तीत काही उगवणार नाही असं होऊच शकत नव्हतं. मग उरलं काय? पाणी मी घालत होते. आत्या बोलल्या ते मला लागलं, पण आत्यांचं बोलणं मी विसरले असते. त्या कोणालाही बोलतात. मला विसरता आलं नाही ते वेगळंच. मी चार वर्षं शेती शिकले, आणि सातव्या माळेला रात्रभर मला वाटत राहिलं की आत्या म्हणतात ते खरं असेल. आषाढात डॉक्टरांनी सांगितलं होतं की यात तुमची काही चूक नाही, तरी मी माझीच चूक धरली. इथं येऊन आईच्या कुंडीत मेथी टाकली आणि उगवते का बघत बसले. उगवली. तरी पटलं नाही. दोन महिने मी माझ्या हातांकडं बघत होते, नाना, आणि तुम्ही कलमांना पाणी घालत होता.

मी तुमच्यावर ओरडणार नाही. तेवढं बळ नाही. माझी एकच मागणी आहे. मला पत्रात सांगून चालणार नाही, मला आता माहीत आहे. जिथं बोललं गेलं तिथं, ज्यांच्यासमोर बोललं गेलं त्यांच्यासमोर सांगा. विहिरीचंही सांगा. त्यानंतर मी यायचं की नाही ते ठरवीन.

रानाचं सांगते. कलमं लावायची घाई करू नका. जमीन खोल नांगरून उघडी ठेवा. चांगलं कुजलेलं शेणखत घाला, विहिरीकडची दहापंधरा टोपली जिवंत माती त्यात मिसळा, म्हणजे तीतले जीव इकडं येतील. उन्हाळ्यात तागासाठी पाणी असेल तर ताग करा आणि गाडा. मातीत गांडूळ दिसल्याशिवाय एकही कलम लावू नका. शेडनेटमधल्या पिशव्या लहान पडल्या असतील, मोठ्या पिशव्यांत बदला.

आईंना नमस्कार.

सायली

*

दौलताबाद
१६ जानेवारी २०२६

प्रिय नवाब,

दोन महिने तुला उत्तर दिलं नाही. वहिदाभाभींच्या सवालाचं उत्तर सायलीनं दिलं, तिचं पत्र सोबत जोडलं आहे. वाच आणि भाभींनाही वाचायला दे. "मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," असं मी तुला लिहिलं होतं. ते लिहिताना मला चूळ भरलेली आठवत होती. तुझ्याशीही खोटं बोललो.

ते पत्र महिनाभर सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो. रान नांगरलं, शेणखत घातलं, विहिरीकडची माती टोपल्यांनी वाहिली. ती म्हणाली ते सगळं केलं, फक्त एक सोडून. रोज वाटायचं, आज सांगू. मग कोणीतरी यायचं, नाहीतर कोणीच यायचं नाही, आणि दोन्ही वेळा मला बरं वाटायचं.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आळीतल्या त्याच बायका. पुरुषाचं तिथं काय काम, पण त्याच सगळ्या जणी परत एका जागी कधी सापडायच्या? मी दारात जाऊन उभा राहिलो. वच्छला म्हणाली, काय पाहिजे? मी टोपी काढली आणि सांगितलं. औषध, प्लास्टिक, माती. सायलीनं अंगणात विचारलं होतं आणि मी विहिरीकडची म्हणालो, तेही सांगितलं. म्हणालो, तिच्या हाताला काही झालेलं नाही, झालं ते माझ्या हातून झालं, आणि सातव्या माळेला मी इथंच बसून गप्प राहिलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणजे ओरडलोच असेन.  मला वाटलं, आता दगडाक्का तोंड सोडेल. वच्छला बांगड्या आपटेल. शेजारच्या मोनिकाचं आणि सायलीचं चांगलं होतं, ती उठून जाईल. मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो, नवाब. खरं सांगतो, मला ते हवंही होतं.

तसं काही झालं नाही.  मग एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या नाना, माणूस हाय, चुकतंय." दुसरी म्हणाली, औषधंच मेली तसली निघालीत, शेतकऱ्यानं काय करावं. वच्छलानं माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं, म्हणाली, रक्तदाब वाढेल, आधी बसा. मोनिकानं आतून चहा आणला. आणि दगडाक्का, माझी सख्खी बहीण, पदरानं डोळे पुसून सगळ्यांना म्हणाली, "माझा भाऊ लई मोठ्या मनाचा. दुसरा कोणी असता तर झाकून ठेवलं असतं." बायकांनी माना डोलवल्या. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. सायलीचं नाव कोणीही घेतलं नाही.

काल पारावर दोघांनी मला बसायला जागा करून दिली. म्हणाले, नाना, मानलं तुम्हाला. म्हणजे बायकांनी घरोघर सांगितलं, आणि असं सांगितलं. मी लाजेनं मान वर केली नाही, तर तो माझा नम्रपणा झाला. ऋतुराजनं तेवढं मला मानलं नाही. संध्याकाळी त्यानं स्वतःचं ताट उचललं आणि वेगळा जाऊन जेवला. त्या घरात तेवढंच मला बरोबर वाटलं.

पोरीनं ज्यात तिची चूक नव्हती ते तीन महिने एकटीनं भोगलं. मी कबूल केलं आणि चहा निवायच्या आत मला माफी मिळाली. ही लाज मला आधी माहीत नव्हती. घटापुढं गप्प बसलो तेव्हाची लाज यापुढं काहीच नाही.

आज सकाळी सायलीला पत्र लिहायला घेतलं. "तू सांगितलंस तसं सांगितलं," एवढं लिहिलं आणि थांबलो. पुढं काय झालं ते लिहावं तर तिला काय वाटेल, आणि न लिहावं तर पुन्हा विहिरीकडचीच माती. कागद फाडला. उद्या सकाळच्या गाडीनं लासूरला जातोय. घरी ये म्हणणार नाही. "त्यांनी मला माफ केलं आणि तुझं नाव काढलं नाही," हे तिच्यासमोर बसून तिला सांगणार आहे. यावेळी ती जे विचारेल त्याचं उत्तर देईन.

नाना